गावच्या गुरचरणावर चंडोल आणि लावे परत यावेत म्हणून काय करावं?

मुलुंडला राहून तुम्ही मुरबाडकडच्या गावातल्या गुरचरणाचा विचार करताय, याचं मनापासून कौतुक वाटतं. तुम्ही विचारलंय की चरून चरून माळ उघडा पडलाय, चंडोल, लावे, टिटव्या दिसेनाशा झाल्यात, तर कुंपण घालून झाडं लावावीत का?

झाडं लावू नका. कुंपणही नको. गुरं कधी आणि कुठे चरतात, तेवढं बदला.

हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. टिटवीचं घरटं म्हणजे खड्यांमधला उथळ खळगा आणि त्यात खड्यांच्याच रंगाची चार अंडी. पायाशी असली तरी दिसत नाहीत. माळावर झाडं वाढली की कावळ्यांना आणि शिक्र्यांना टेहळणीची जागा मिळते. खड्डे खणताना गवताचे जुने ठोंब तुटतात ते वेगळंच. आधीपासूनची बोरी-करवंदं राहू द्या, पण जुलैत मुंबईहून रोपं घेऊन येणाऱ्या बसला दुसरी जागा दाखवा.

बियाणं घ्यायच्या आधी माळाची परीक्षा करा. मे अखेरीस तारेच्या जाळीचे मीटरभर लांब-रुंद चार-पाच पिंजरे खुंट्या ठोकून बसवा आणि ऑक्टोबरात आत बघा. कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांपैकी काही तुऱ्यावर आलं असेल तर माळ जिवंत आहे, त्याला फक्त विसावा हवाय. नुसता टाकळा आणि गाजरगवत असेल तरच पेरणी करा. उघड्या कातळावर मात्र माती टाकू नका, तिथली पावसाळी वनस्पती वेगळीच असते.

मग माळाचे चार तुकडे पाडा. दर वर्षी एक तुकडा जूनपासून बी झडेपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबरपर्यंत, बंद. उरलेल्या तिन्हींत आळीपाळीने चराई: गवत निम्मं खाऊन झालं की गुरं पुढच्या तुकड्यात. यातून आखूड, मध्यम आणि उंच असं तिन्ही प्रकारचं गवत शेजारी शेजारी मिळतं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. टिटवी-चंडोलांना आखूड गवत आणि उघडी जमीन लागते, लाव्यांना दडायला ठोंब, मुनियांना बी धरलेलं उंच गवत. चराई कायमची बंद केलीत तर दोन-तीन वर्षांत गवत माजून आडवं पडतं, रानमोडी हे बाहेरून आलेलं, झपाट्याने पसरणारं झुडूप घुसतं आणि वणव्याला आयतं जळण मिळतं.

कापणी बी झडल्यावरच, खाली वीतभर गवत ठेवून. पाच-सहा हात रुंदीचे पट्टे न कापता सोडा. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, गवत नेणाऱ्यांशी आधीच बोलून घ्या.

पेरणी करावीच लागली तर जवळच्या चांगल्या माळावरचं बी नोव्हेंबरात गोळा करून कोरडं ठेवा. ताजं बी नीट उगवत नाही, जूनपर्यंत थांबावं लागतं. एकरी दोन-तीन किलो बी माती-शेणात कालवून, जमीन वरवर ओरबाडून फेका. खोल गाडलं तर फुकट. आपल्याकडच्या पावसात बी उतारावरून वाहून जातं, म्हणून काटेरी फांद्या उताराला आडव्या टाका.

रानमोडी नुसती छाटली तर पुन्हा फुटते. ऑगस्ट-सप्टेंबरात जमीन ओली असताना, फुलं यायच्या आत मुळासकट उपटा. घाणेरीचं मुख्य मूळ जमिनीखाली तीन-चार सेंटिमीटरवर तोडून झुडूप उलटं ठेवा.

वणव्यासाठी जानेवारीतच चार-पाच मीटर रुंदीची जाळरेषा, म्हणजे आग ओलांडू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढा. मार्चपासून टिटव्या अंड्यांवर बसतात, तेव्हा लागलेली आग सगळं घेऊन जाते. गुराख्यांबरोबरची कुत्रीही तेव्हा माळावर नकोत.

सहसा कुणाच्या लक्षात येत नाही ती गोष्ट म्हणजे जंतनाशक. आयव्हरमेक्टिन शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांची वाढ मारतं. किडे हेच पिल्लांचं अन्न. औषध दिल्यावर दोन आठवडे गुरं गोठ्यापाशीच ठेवा.

हे सगळं ग्रामसभेच्या ठरावाशिवाय सुरू करू नका. कुठला तुकडा कधी बंद ठेवायचा हे गुरं राखणाऱ्यांनीच ठरवावं, नाहीतर पहिल्या पावसाळ्यातच ते मोडेल.

चंडोल-टिटव्या लवकर येऊ शकतात. लाव्यांना ठोंब जाड व्हायला दोन-तीन पावसाळे द्या. माळढोकाची आशा धरू नका, तो घाटावरच्या कोरड्या माळांचा पक्षी. महिन्यातून एकदा उजाडताच ठरलेल्या अर्धा किलोमीटर वाटेवर पक्षी मोजा, आणि पहिली मोजणी पिंजरे बसवायच्या आधीच करा.