किंग जेम्स बायबल सोडून बाकीची भाषांतरं चुकीची, असं काही ख्रिस्ती का मानतात? मराठीतही असं आहे का?

मी पुण्यातल्या मराठी प्रॉटेस्टंट घरातला. हा वाद आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन गेलाय, म्हणून लिहितो.

वडगाव शेरीला आमच्या घरी प्रार्थनासभा होती. एक तरुण उठला, हातात किंग जेम्स, म्हणजे १६११ चं जुनं इंग्रजी भाषांतर. म्हणाला, "मोबाइलवरच्या इंग्रजी बायबलात प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय काढा आणि ३७ वं वचन वाचा." बहुतेकांच्या फोनवर ३६ नंतर थेट ३८! काकूंनी तर चष्मा पुसून परत पाहिलं. "बघा, देवाचं वचन कापलंय," तो म्हणाला.

कापलं वगैरे काही नाही. नव्या करारातल्या वचनांचे हे आकडे १५५१ साली एस्तिएन नावाच्या मुद्रकाने घातले. त्याच्या ग्रीक मजकुरात ते वाक्य होतं. पुढे अभ्यासकांनी चौथ्या शतकातली हस्तलिखितं तपासली, तर त्यांत हबशी अधिकाऱ्याची बाप्तिस्म्याआधीची ती कबुली नाहीच. म्हणून नव्या भाषांतरांनी ती तळटिपेत नेली. आकडे मात्र जगभर रुळलेले, ते कोण बदलणार? किंग जेम्सवाले म्हणतात, चर्चने शतकानुशतकं वापरला तोच मजकूर देवाने जपला. हस्तलिखित जुनं म्हणून ते शुद्धच असं कुठंय, असा त्यांचा सवाल. हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. पण त्यापुढे जाऊन काहीजण ते इंग्रजी भाषांतरच निर्दोष ठरवतात, तिथे माझी गाडी अडते. मग मराठी माणसाने वाचायचं काय?

आपल्याकडे एकाच भाषांतराला चिकटून बसायची सोय कधी नव्हतीच. छापील मराठी बायबल हाताशी असताना पंडिता रमाबाई केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं पुन्हा उतरवलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, ग्रंथ १९२४ ला आला.

निष्ठा मात्र आपल्याकडेही आहे, वेगळ्या जातीची. आजीच्या जुन्या 'पवित्र शास्त्रा'त झावळ्यांच्या रविवारचे वाळलेले क्रॉस असायचे. मी तिला फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आणून दिलं. दोन पानं वाचून म्हणाली, "छान आहे रे. पण तेविसावं स्तोत्र माझ्या तोंडात बसलंय तसं नाही." (कॅथलिकांचं म्हणून नव्हे, बरं का. तिचं भांडण फक्त चालीशी होतं.) दुसऱ्याचं बायबल खोटं, असं ती कधी म्हणाली नाही.

तुमच्या ओळखीत कुणी किंग जेम्सवाला असेल, तर १६११ च्या आवृत्तीची प्रस्तावना वाचलीय का, एवढं विचारा. बहुतेक प्रतींत ती आता छापतच नाहीत. इंग्रजीतलं अगदी सामान्य भाषांतरही देवाचं वचनच आहे, असं त्या भाषांतरकारांनीच तिच्यात लिहिलंय. मी त्या तरुणाला तिची झेरॉक्स दिली. पुढच्या सभेला तो आला, झेरॉक्सबद्दल अवाक्षर काढलं नाही आणि पोहे दोनदा घेतले.