रूट कॅनालनंतरची कॅप लांबवू नका

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी खालच्या दाढेचं रूट कॅनाल केलं. दुखणं थांबलं, म्हणून कॅप राहिली. तात्पुरतं सिमेंटच आहे. सोयाबीन निघाल्यावर बसवली तर चालेल का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : थांबू नका. दुखणं नस काढल्यामुळे थांबलंय, दाढ अजून उघडीच आहे. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांपुरतंच असतं. ते झिजलं की कडेनं लाळ आणि जंतू आत झिरपतात, मग चांगली भरलेली मुळंही पुन्हा बिघडतात. त्यातच पोखरलेल्या दाढेच्या भिंती पातळ. सुपारी फोडताना चीर मुळापर्यंत गेली, तर दाढ बहुतेक काढावीच लागते. कॅप बसेपर्यंत त्या बाजूनं चावू नका.

कॅपआधी एक्स-रे काढून घ्या. मुळातल्या नळीचं भरण मुळाच्या टोकापासून 2 मिमीच्या आत थांबलेलं हवं, टोकाबाहेर नको. खालच्या पहिल्या दाढेत नसेच्या बहुधा 3 नळ्या असतात, कधी 4. चौथी भरायची सुटली का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. हिरडीच्या वर चहूबाजूंनी सुमारे 2 मिमी भक्कम दात उरला असेल तर कॅप नीट धरते.

पुढचा एक्स-रे वर्षानं. त्यात मुळाशी काळा डाग (जंतूंमुळे झिजलेलं हाड) असेल तर तो लहान होत जायला हवा. हाड पूर्ण भरून यायला कधी 4 वर्षंही लागतात.