आलात का नव्हे, राहिलात का

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परदेशात जाऊन राहणाऱ्या निवृत्तांवर तुझा प्रबंध. त्यांच्या प्रवासाची कारणं एका तक्त्यात, सुख-समाधानाला त्यांनी दिलेले गुण दुसऱ्यात, आणि दोन्हींचा मेळ बसेना म्हणून विषयच बदलायला निघालीस? बदलू नकोस. तू त्या म्हाताऱ्यांना 'इथे का आलात' एवढंच विचारलंस. राहिलात का, हे विचार.

येण्याची कारणं पटकन सांगता येतात. चिआंग माईत जाऊन राहणारा जपानी निवृत्त माणूस म्हणेल, तिथे थंडी नाही, पेन्शन पुरते. थायलंडचा निवृत्तांचा व्हिसा पन्नाशीनंतर मिळतो. बँकेत 8 लाख बाट किंवा महिन्याला 65 हजारांचं उत्पन्न दाखवावं लागतं. घरातून ढकलणारी आणि तिकडे ओढणारी, अशी प्रवासाच्या कारणांची मांडणी पर्यटनाचा अभ्यासक डॅनने 1977 मध्ये केली. ती इथपर्यंत पुरते. पण काही महिन्यांनी ऊनही सवयीचं होतं आणि स्वस्ताईही. मग सकाळी उठून हा माणूस कुणाकडे जातो? विश्वासाचा डॉक्टर मिळाला का? बाजारात एकट्याने निभावतं का? मानसशास्त्रज्ञ कॅरोल रिफ यांनी 1989 मध्ये मानसिक स्वास्थ्याची सहा अंगं मांडली. आपला परिसर हाताळता येणं, माणसांशी नातं, जगण्याला हेतू ही त्यातलीच. विमानात चढताना यातलं काय ठरलेलं असतं, सांग बरं!

तिकडे जायला पैसे नाहीत म्हणतेस. मग पुण्यातल्या मॉडेल कॉलनीत जा. अय्यंगारांची योगसंस्था 1975 पासून तिथे आहे, परदेशी साधक येऊन महिना-महिना राहतात, त्यात पिकल्या केसांचेही असतात. का आलात, तर 'योग शिकायला'. झालं, संपलं उत्तर. राहिलात का, परत का येता, हे विचार आणि गप्प बस. त्यांना बोलू दे.

आणि जे कंटाळून किंवा आजारपणाने परत गेले, त्यांनाही गाठ. ज्यांचं जमलं नाही ते निघून जातात. उरलेले समाधानी दिसणारच!

मलाही सांगितलं होतं, एवढ्या लांब मुलाखती नकोत, प्रश्नावल्या वाटा. मी वाटल्या नाहीत. बढती लांबली. ज्यांना पुन्हा भेटायचं होतं, त्यांतले काही मी पोचण्याआधीच गेले, ती खंत आहे. मुलाखती लांबल्याची नाही, आजही नाही.

गाईड म्हणतील, नमुना लहान आहे. म्हणू देत. तू प्रश्नावलीचं पहिलं पान बदल आणि याच आठवड्यात मॉडेल कॉलनी गाठ.