उशाशी मोबाईल ठेवू नका

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात विज्ञानाच्या नावाने चुकीचा संदेश आला, तर तो खोडून काढावा की गप्प बसावे, असे मला हल्ली वारंवार विचारले जाते. गप्प बसले तर खोटे पसरते आणि बोलले तर माणूस दुखावतो. याला सरसकट उत्तर माझ्याजवळ नाही. म्हणून एका गृहस्थांची हकिगत, त्यांच्या संमतीने आणि ओळख बदलून, येथे देत आहे.

त्यांना आपण विनायक म्हणू. मूळचे खानापूर तालुक्यातले, बेळगावात उद्यमबागेतील एका फौंड्रीत गुणवत्ता तपासणीचे काम करणारे, वय छत्तीस. पत्नीने त्यांना माझ्याकडे आणले ते झोपेच्या तक्रारीसाठी. माणूस चंद्रावर खरोखर उतरला का, फाइव्ह-जीच्या टॉवरमुळे पक्षी मरतात का, अशा वादांत त्यांना रोज रात्रीचे दीड-दोन वाजत. त्यातच काकांनी गट सोडला होता आणि गणपती महिन्यावर आले तरी ते विनायकांचा फोन उचलत नव्हते.

निमित्त एका जुन्याच संदेशाचे होते. आज रात्री 12.30 ते 3.30 या वेळेत घातक वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, तेव्हा मोबाईल बंद करून दूर ठेवा, असे नासा आणि बीबीसीच्या नावावर खपवणारा हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. काकांनी तो रात्री नऊला पाठवला, विनायकांनी अकरा मुद्दे आणि तीन दुवे देऊन त्याचा फडशा पाडला आणि शेवटी, "शाळेत विज्ञान हा विषय होता की नाही?" असे विचारले. काकांची शाळा शेतीपायी सातवीत सुटली होती, आणि पुतण्याच्या डिप्लोमाची फी त्यांनीच रताळी विकून भरली होती.

पहिल्या भेटीत मी गटाचा आवाज बंद करण्यास आणि रात्री फोन स्वयंपाकघरात ठेवण्यास सांगितले. सल्ला पुस्तकी होता आणि तो चार दिवस टिकला. पाचव्या रात्री, आपल्या बाजूने कोणी बोलले का हे पाहण्यासाठी, विनायक उठून स्वयंपाकघरात गेले. 1956 पासून सीमाप्रश्नाचे वाद ऐकत वाढलेल्या आमच्या घरांत माघार घेणे तसेही कोणाला शिकवलेले नसते.

तिसऱ्या भेटीत मी त्यांना त्यांच्या कामाविषयी विचारले. ओतीव भागात ब्लोहोल, म्हणजे वायूची पोकळी, सापडली तर ते काय करतात? प्रथमच ते खुर्चीत सावरून बसले. नुसता लाल रंग मारून भाग बाजूला टाकणे हे काम नव्हे, वाळूत ओल किती होती, साच्यातून वायू निघायला वाट होती का, धातू ओतताना तापमान काय होते, हे शोधावे लागते, असे ते बराच वेळ सांगत राहिले. मग काकांच्या संदेशावर तुम्ही फक्त लाल रंग मारलात का, असे मी विचारले, तेव्हा ते हसले, पण थोडेसेच.

मी त्यांना तो संदेश दाखवायला सांगितले. लांबलचक मजकुराच्या तळाशी काकांनी स्वतः एक ओळ टाइप केली होती: "पोरानो उशाशी मोबाइल ठेऊन झोपू नका." विनायकांनी अकरा मुद्दे लिहिले होते, पण ही ओळ वाचलीच नव्हती. काकांचा मुलगा बेंगळुरूत रात्रपाळी करतो. काकांना सांगायचे होते ते एवढेच. नासा आणि बीबीसी ही वरची बांधणी होती.

चूक तशीच सोडून द्यावी असे मी म्हणत नाही. औषध बंद करा असे सांगणाऱ्या संदेशाला तर तत्काळ आणि सर्वांदेखत उत्तर द्यावे. तेथे कोणाच्या मानापमानाकडे पाहू नये. येथे तशी घाई नव्हती. शिवाय खोडून काढण्यापुरते वाचणे वेगळे आणि समजावून देण्यासाठी वाचणे वेगळे, म्हणून मी त्यांना हे किरण मुळात काय असतात तेच पाहून यायला सांगितले.

पुढच्या भेटीत ते वही घेऊन आले. 1912 साली व्हिक्टर हेस यांनी बलूनमधून पाच किलोमीटरपेक्षा उंच जाऊन हे किरण वरून येतात हे दाखवले. ते एका रात्रीचे पाहुणे नाहीत, अखंड बरसत असतात. वातावरणाच्या वरच्या थरांत त्यांच्यापासून तयार होणारा म्युऑन नावाचा कण आपल्या तळहातातून साधारण सेकंदाला एक या हिशेबाने आरपार जातो. आपल्याच कर्नाटकात, कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, जेथे हे म्युऑन जवळजवळ पोहोचत नाहीत, तेथे 1965 मध्ये याच किरणांमुळे वातावरणात निर्माण झालेल्या न्यूट्रिनोंची, म्हणजे खडकातूनही सहज आरपार जाणाऱ्या कणांची, नोंद झाली, हे त्यांना विशेष आवडले होते.

गणपतीला ते गावी गेले. काका पहिला दिवस बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पडवीत विनायकांनी स्वतःचा तळहात पुढे धरून कणांचा तो हिशेब सांगितला. काकांनी आपलाही हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे आत्ता बी जातायत काय रे? मग फोन बंद करून काय उपेग?" त्यावर विनायक म्हणाले, "किरणांसाठी काही उपयोग नाही, काका. पण उशाशी ठेवू नये हे तुमचं बरोबर आहे. माझी झोप त्यानंच गेली."

काका गटात परतले आहेत आणि संदेशही पाठवतात. गेल्या आठवड्यात कापलेल्या कांद्याविषयी एक आला होता. विनायकांचा फोन रात्री स्वयंपाकघरात असतो. ही सूचना काकांची, असे ते सर्वांना सांगतात, आणि मी ते दुरुस्त केलेले नाही.