पहिले साठ फूट: ड्रॅग स्टार्टबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली आहेत आणि सगळी एकाच जागी येऊन थांबतात: दिवा हिरवा झाल्यापासूनचे पहिले साठ फूट, म्हणजे १८.३ मीटर. ड्रॅग, म्हणजे सरळ पट्टीवरची पाव मैलाची, ४०२ मीटरची शर्यत, बरीचशी तिथेच ठरते. त्या टप्प्यात वाचलेला सेकंदाचा एक दशांश शेवटच्या रेषेवर साधारण दीड ते दोन दशांश होऊन मिळतो. म्हणून सायलेन्सर आणि एअर फिल्टरवर पैसे घालण्याआधी क्लच, टायर आणि बसण्याची पद्धत सुधारा, असं आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो.

प्रश्न : माझी ड्यूक ३९० (३७३ सीसी) सुटताना एक तर पुढचं चाक उचलते, नाही तर इंजिन गुदमरतं. मधलं काही जमत नाही. किती आरपीएमला क्लच सोडायचा? — एक वाचक, कराड

चाक कधी उचलणार हे साध्या भागाकारावर ठरतं. गाडी आणि चालक मिळून जो गुरुत्वमध्य होतो, तो मागच्या अ‍ॅक्सलच्या किती पुढे आहे, भागिले तो जमिनीपासून किती उंच आहे. समजा दोन्ही अंतरं ६४० मिलिमीटर असतील, तर १ जी (गुरुत्वाकर्षणाइतक्या) प्रवेगाला चाक हवेत जाणार, इंजिन कितीही तगडं असो. तुम्ही पुढे सरकून छाती टाकीवर टेकवली आणि तेच आकडे ६८० आणि ६०० झाले, तर मर्यादा १.१३ जीवर जाते. एक रुपया खर्च न करता मिळालेली ही वाढ आहे. बरेच जण सुटताना हात ताठ करून मागे झुकतात आणि दोष गाडीला देतात.

आता पद्धत. पहिला गिअर, आरपीएम ५००० वर स्थिर. काटा वरखाली नाचत असेल तर सुटूच नका. क्लच जिथे पकड घ्यायला लागतो तिथपर्यंत लिव्हर आधीच आणून ठेवा, गाडी किंचित पुढे ओढ घेताना जाणवली पाहिजे. सुटल्यावर लिव्हर एकदम सोडायची नाही. साधारण एक ते दीड सेकंदात, पहिल्या पंधरा-वीस मीटरमध्ये, ती हळूहळू पूर्ण सोडायची आणि त्याच ओघात थ्रॉटल पूर्ण उघडायचा. इंजिन गुदमरलं तर पुढच्या वेळी ५०० आरपीएम वाढवा. चाक उचललं तर थ्रॉटल खटकन बंद करू नका, पुढचं चाक आपटतं आणि वेग मरतो. लिव्हर केसभर आत घ्या, किंवा मागचा ब्रेक हलकेच लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलावर निदान तीन रन मारा.

गाडी खाली घ्यायची असेल तर आधी फोर्कचे पाइप क्लॅम्पमधून १० मिलिमीटर वर सरकवा, दोन्ही बाजू व्हर्नियरने अगदी सारख्या. शर्यतीपुरता पुढचा पट्टा बांधून फोर्क दाबूनही ठेवतात. पण फोर्क पूर्ण दाबल्यावर टायर मडगार्डला किंवा रेडिएटरला घासत नाही ना, हे स्टार्टलाइनला जाण्याआधी बघा. पट्टा बांधलेल्या गाडीचं हँडल चंचल होतं आणि खड्डा झेलायला फोर्कमध्ये जागाच उरत नाही, म्हणून घरी निघण्याआधी पट्टा सोडलाच पाहिजे. मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) एक-दोन खाचा वाढवा. मागची बाजू बसली की पुढची आपोआप वर येते.

प्रश्न : पल्सर एनएस २०० चा क्लच तिसऱ्या-चौथ्या रनला घसरतो, आरपीएम वाढतो पण गाडी पळत नाही. फिटर म्हणतो स्प्रिंगखाली वॉशर टाकू. टाकावेत का? — एक वाचक, मिरज

नाही. वॉशर टाकले की स्प्रिंगची दबायची जागा कमी होते. लिव्हर पूर्ण दाबली जाण्याआधीच स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडू शकतात, मग क्लच पूर्ण सुटत नाही आणि स्टार्टलाइनवर गाडी पुढे सरकत राहते.

आधी इंजिन ऑइल विचारा. डब्यावर ‘जेएएसओ एमए२’ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारा दर्जा) असलं पाहिजे आणि ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेली. कारसाठीच्या इंधन वाचवणाऱ्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ असतात. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे तो घसरतो. मग लिव्हरचा फ्री प्ले (दाबताना सुरुवातीची मोकळी चाल) बघा, तोही थंड इंजिनवर. प्लेटा झिजतात तसा फ्री प्ले कमी होतो आणि केबल सतत ताणलेली राहिली की स्प्रिंगचा पूर्ण दाब प्लेटांवर येतच नाही. दहापैकी कित्येक ‘गेलेले’ क्लच इथेच दुरुस्त होतात.

तरीही घसरत असेल तर उघडा. गाडी साइड स्टँडवर डावीकडे झुकलेली ठेवली तर उजवं कव्हर ऑइल न काढताही उघडता येतं. केबल ढिली करा, स्प्रिंगचे बोल्ट आडवे-तिडवे, दोन-तीन फेऱ्यांत सोडा. स्टीलच्या प्लेटा निळसर झाल्या असतील तर त्या जळल्या. प्रत्येक प्लेट जाड काचेवर ठेवून कडेने ०.१५ मिलिमीटरचं फिलर गेज घाला, आत गेलं तर प्लेट वाकली, ती बाद. घर्षणाच्या प्लेटांची जाडी व्हर्नियरने मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा. स्प्रिंगा सगळ्या एकाच लांबीच्या हव्यात. एक जरी बुटकी निघाली तरी पूर्ण सेट बदला. बास्केटच्या (प्लेटा ज्यात बसतात त्या डब्याच्या) बोटांवर प्लेटांनी खाचा पाडल्या असतील तर क्लच सोडताना झटके येतात. बारीक खाचा कानशीने सपाट होतील, खोल असतील तर बास्केटच बदला.

नव्या घर्षण प्लेटा रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवून मगच बसवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच रनला जळतात. कडक स्प्रिंगा घ्यायच्याच असतील तर मूळच्यापेक्षा १० ते १५ टक्के कडक घ्या. त्याहून कडक घेतल्या तर लिव्हर जड होते आणि जी हळुवार सोड हवी तीच हाताला जमत नाही. ६ मिलिमीटरचे बोल्ट १० न्यूटन मीटरच्या आसपास, टॉर्क रेंचनेच. हाताच्या अंदाजाने आवळले की अ‍ॅल्युमिनियमच्या बॉसमधले आटे जातात. दोन रनमध्ये किमान दहा मिनिटं जाऊ द्या आणि शर्यतीच्या दिवसानंतर ऑइल बदला, त्यात जळका वास येत असतोच.

प्रश्न : आर१५ च्या मागच्या टायरची हवा १४ पीएसआयपर्यंत उतरवतात असं ऐकलं. बर्नआउट (मागचं चाक जागीच फिरवणं) किती मारायचा? — एक वाचक, विटा

१४ चा आकडा रसायन शिंपून चिकट केलेल्या पट्टीवरच्या ड्रॅग स्लिकचा, म्हणजे बिनखाचांच्या शर्यतीच्या टायरचा आहे. आपल्याकडे विमानपट्टीचं काँक्रीट किंवा साधं डांबर असतं, वर धूळ, आणि तुमचा टायर रस्त्याचा. २४ पासून सुरुवात करा, मग २२, मग २०, आणि तिथे थांबा. त्याखाली बाजूची भिंत दुमडते आणि शेवटी ब्रेक मारताना गाडी पोहते. पुढच्या टायरात कंपनीने सांगितली तेवढीच हवा ठेवा. काटा थंड टायरला लावा, कारण रननंतर दोन-तीन पीएसआय वाढलेले दिसतात. परतीच्या वाटेला लागण्याआधी हवा भरून घ्या.

बर्नआउट दोन-तीन सेकंद, फक्त धूळ झटकण्यापुरता. छोट्या सिंगल सिलिंडर गाडीत त्याने टायर तापण्याआधी क्लच तापतो. ओल्या फडक्याने टायर पुसणं हा त्याहून बरा मार्ग आहे. टायर चमकवायचं पॉलिश असेल तर ते आधी साबणाने पूर्ण काढा.

प्रश्न : आरएक्स १०० साताऱ्यात ट्यून केली आहे. कोकणात उतरल्यावर जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) बदलावा का? — एक वाचक, सातारा

बदलावाच, आणि हे विचारलंत ते फार बरं झालं. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण ७४० मीटरवर आहे, तिथली हवा समुद्रकाठापेक्षा सुमारे ७ टक्के विरळ. खाली उतरल्यावर हवा ७ टक्के जास्त मिळते, पण कार्ब्युरेटर पेट्रोल साधारण साडेतीन टक्केच जास्त ओढतो. उरलेल्या फरकाने मिश्रण कोरडं पडतं आणि टू-स्ट्रोकमध्ये कोरडं मिश्रण म्हणजे पिस्टन चिकटणं. मेन जेट १०० नंबरचा असेल तर साधारण १०५ चा लावून सुरुवात करा. मग नवा प्लग लावून वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर काही सेकंद पळवा, क्लच दाबून त्याच क्षणी इग्निशन बंद करा आणि प्लग काढून चिनी मातीचा तळ बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरा दिसला तर अजून मोठा जेट. ही चाचणी बंद ट्रॅकवरच करा. उलट उन्हाळ्याच्या दुपारी हवा पुन्हा विरळ होते: २० अंशांच्या तुलनेत ३८ अंशांना सुमारे ६ टक्के. म्हणून जेट, तापमान आणि जागा वहीत लिहून ठेवा.

प्रश्न : फलटण–लोणंद रस्ता रात्री मोकळा असतो. तिथे सराव केला तर? — एक वाचक, फलटण

करू नका. १५० च्या वेगाने जाताना चांगल्या डांबरावरही थांबायला, प्रतिक्रियेचा दीड सेकंद धरून, १९० मीटरच्या आसपास लागतात. लो बीममध्ये त्याच्या किती तरी कमी अंतर दिसतं. गळीत हंगामात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली दिसेपर्यंत वेळ गेलेली असते, आणि त्या ट्रॉलीवर माणसं असतात. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हाही आहे. एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेच्या मान्यतेच्या स्पर्धांत उतरा.

खासगी, बंद जागा मिळाली तर साठ फुटांचा सराव तिथे होतो. फक्कीने दोन रेषा आखा, १८.३ मीटर अंतरावर. मोबाइलचा जीपीएस बहुधा सेकंदाला एकदाच नोंद घेतो, दोन-सव्वादोन सेकंदांच्या मोजणीला तो निरुपयोगी. त्याऐवजी बाजूला दूर उभं राहून १२० फ्रेमचा व्हिडिओ काढा आणि फ्रेम मोजा, एक फ्रेम म्हणजे ०.००८ सेकंद. पूर्ण हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, बूट सरावालाही तेवढेच लागतात.

प्रश्न : पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी करू का? — एक वाचक, तासगाव

एनएस २०० ला १४/३९ (पुढे १४, मागे ३९ दात) असतं. १३/३९ केलं काय किंवा १४/४२, दोन्हींचं गुणोत्तर ३ येतं, म्हणजे सुटतानाची ओढ सारखीच वाढते. आम्ही मागचं मोठं करायला सांगू, लहान पुढच्या स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते. पण पहिल्या गिअरमध्ये चाक आधीच उचलत असेल तर दोन्ही नकोत.

प्रश्न : स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) १५० मिलिमीटर लांब केला तर चेन किती वाढवायची? — एक वाचक, कोरेगाव

५२० चेनची एक कडी १५.८७५ मिलिमीटर. वर-खाली मिळून ३०० मिलिमीटर वाढतात, म्हणजे जवळजवळ १९ कड्या. संख्या सम हवी, म्हणून २० घ्या आणि जास्तीचं अंतर अ‍ॅडजस्टरवर जुळवा. मागच्या ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर लांब लागते, ओढून ताणून बसवू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या स्विंगआर्मला गल्लीतल्या वेल्डिंगने जोड देऊ नका, उष्णतेने जोडाशेजारचा धातू मऊ पडतो. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर हा बदल करूच नका, वळणावर ती वेळेत वळत नाही. जोडकडी रिव्हेटची वापरा. क्लिपचीच मिळाली तर क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला ठेवा.