‘अजून थोडंच राहिलंय!’

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. उजळणीसाठी फ्लॅशकार्ड बनवून देणारं ॲप मी १४ महिने एकटीच तयार करतेय. ते चालतं, पण दर वेळी काहीतरी खटकतं. डिझाइन ३ वेळा बदललं. परीक्षेनंतर वर्षभर नोकरी न शोधता आधी हे परफेक्ट करावं का?

उत्तर : १४ महिन्यांत काय काय केलंस ते तू सविस्तर कळवलंस. पण ॲप कोणी वापरून पाहिलं, याबद्दल पत्रात एक ओळही नाही. अडचण तिथे आहे. आणखी वर्ष मिळालं तर चौथं डिझाइन होईल, एवढंच.

तुला खटकणाऱ्या गोष्टी बघ : लोगोचा रंग, डार्क मोड नाही, स्क्रीन बदलताना किंचित झटका बसतो. यातल्या एकीनेही वापरणाऱ्याचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते कार्ड सेव्हच न झाल्याने, पासवर्ड उघडा राहिल्याने, परीक्षेच्या आदल्या रात्री ॲप बंद पडल्याने. असल्या चुका ठेवून ॲप बाहेर काढू नकोस. तिथे तुझा काटेकोरपणा हवाच. बाकीच्या खटकणाऱ्या गोष्टींनी फार तर तू ओशाळशील. नुकसान करणाऱ्या चुकांची यादी संपली की १० जणांच्या हातात ॲप दे. सगळ्या मैत्रिणीच नकोत, त्या ‘मस्त आहे गं’ म्हणून मोकळ्या होतात. शेजारी बस, काही समजावू नकोस, फक्त बघ.

माझंही असंच झालं होतं. पहिल्या कार्यशाळेसाठी स्लाइडचे फॉन्ट जुळवण्यात मी ३ आठवडे घालवले, आणि मुलांनी पहिल्याच तासाला जे विचारलं ते त्या स्लाइडमध्ये कुठेच नव्हतं.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचं उदाहरण तुझ्या शाखेतलं. लिनस टोरवाल्ड्सने हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना सप्टेंबर १९९१ मध्ये पहिली आवृत्ती खुली केली, तिचा क्रमांक ०.०१. ती कंपाइल करायलाही, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्राम तयार करायलाही, मिनिक्स ही दुसरी सिस्टीम लागायची. १.० आली मार्च १९९४ मध्ये, आणि मधल्या काळात कितीतरी अनोळखी प्रोग्रामरांनी तिच्यात भर घातली. मला तो क्रमांकच आवडतो. काम अपुरं आहे हे त्यातच कबूल केलेलं. तूही ०.१ लिही आणि मोकळी हो.

नोकरीचा शोध मात्र थांबवू नकोस. मुलाखतीत ‘लोकांनी वापरल्यावर तू काय बदललंस?’ असं विचारलं, तर आज तुझ्याकडे उत्तर नाही. ते उत्तर ३ डिझाइनांपेक्षा वजनदार ठरतं.

ॲप देण्याची तारीख आजच ठरव आणि कोणाला तरी सांगून ठेव, म्हणजे मोडायला जड जाईल. त्या १० जणांपैकी ३-४ जणांनी आठवड्याभरात आपणहून ॲप पुन्हा उघडलं, तर नोकरी सांभाळून पुढचं काम कर. कोणीच उघडलं नाही तर मला पुन्हा लिही. कोण कुठल्या स्क्रीनवर अडलं, ते मात्र टिपून पाठव.