दिमासा समाजात मुलगा बापाच्या कुळाचा आणि मुलगी आईच्या कुळाची, हे खरं आहे का? आणि त्यांच्या मूळ कथा कोणत्या?

हो, अगदी खरं आहे. दिमासा हा आसामातला एक आदिवासी समाज. नोकरीमुळे मी अडीच वर्षं तिथल्या दिमा हासाओ जिल्ह्यात, हाफलाँगला राहिलो. भाड्याची खोली एका दिमासा घरातच होती. त्यामुळे हे सगळं मी चुलीपाशी बसून ऐकलं.

पुरुषांची 40 कुळं, त्यांना सेंगफाँग म्हणतात. बायकांची 42, ती जुलू. आता त्या घरातलंच उदाहरण सांगतो. आजी दिवसभर नातीला पाठीशी बांधून फिरायच्या. पण ती नात आजींच्या जुलूची नव्हती, कारण ती मुलाची मुलगी. तिला जुलू मिळालं सुनेचं. आजींचं जुलू गेलं लेकीकडे, आणि आजींचा माग, दागिने, रिगू (कमरेला गुंडाळायचं विणलेलं वस्त्र) हेही लेकीलाच मिळणार होतं. घर, जमीन, गुरं, हत्यारं मुलांची. स्वयंपाकाची भांडी मात्र सगळ्यांत वाटायची. लग्न जुळवतानाही दोन्हीकडचं बघतात: सेंगफाँग एक नको आणि आयांचं जुलूही एक नको.

एकदा आजींनी मला विचारलं, ‘तुझ्या आईचं कुळ कोणतं?’ आजोळचं आडनाव सांगितलं, माझ्या आजीचं माहेरही सांगितलं. त्याच्या मागे काय, ते मला येईना. त्यांना फार नवल वाटलं. आपल्याकडचे कुलवृत्तान्त छापलेले असतात, पण त्यांत लेकी सासरी गेल्या की ओळ संपते. तिथे काहीच छापलेलं नाही, आणि बायकांची ओळ तोंडपाठ.

तुम्ही कथांबद्दलही विचारलंय. दिमासांची मूळ कथा अशी: बांगला राजा आणि आरिखिदिमा देवी. देवीने दिलाओब्रा आणि सांगिब्रा नद्यांच्या संगमाजवळ सात अंडी घातली. सहांतून देव निघाले, त्यांत थोरला शिब्राई. सातव्यातून रोगराई आणणारी भुतं. म्हणून गावच्या पूजेत देवांना मान द्यायचा आणि भुतांचीही समजूत काढायची. भीम आणि हिडिंबेचे वंशज ही ओळख आपल्याला जवळची वाटते, पण तिचा राजदरबाराशी संबंध जास्त: 1790 च्या सुमारास खासपूर या राजधानीत राजा कृष्णचंद्र आणि त्याचा भाऊ गोविंदचंद्र नव्या जन्माचा विधी म्हणून तांब्याच्या गायीच्या मूर्तीतून बाहेर पडले आणि त्यांना भीमाच्या वंशातले क्षत्रिय ठरवण्यात आलं. दिमासा कोण, हे समजून घ्यायचं तर मी आधी अंड्यांची कथा ऐकेन.

बुसू हा त्यांचा सुगीनंतरचा मोठा सण, जानेवारीतला. ख्राम म्हणजे ढोल आणि मुरी म्हणजे सनईसारखं वाद्य. दोन्ही सुरू झाली की नाच लवकर थांबत नाही. त्यासाठी जुदिमा, म्हणजे तांदळाचं मद्य, आधीपासून करून ठेवतात. चिकट तांदळाचा भात चटईवर पसरून निववतात, त्यावर थेंब्रा झाडाची साल घालून केलेलं विरजण चुरून टाकतात, आणि मग तो मुरवत ठेवतात. पिवळसर, गोड रस सुटतो. 2021 साली जुदिमाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा फोनवर आजींचा आवाज आनंदाने चढला होता. विरजण त्या स्वतःच करायच्या, आणि साल किती घालायची ते बोटांनी चुरून, वास घेऊन ठरवायच्या. ते माप मी लिहून घ्यायला गेलो, तर त्यांनी माझ्या हातातली वही बाजूला ठेवली आणि चिमूटभर साल माझ्या तळहातावर ठेवली.